दिसतंय ते सांग

"खिडकीतनं काय दिसतंय?"

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता. समोरच्या टेबलावरच्या माणसानं माझं नाव विचारायच्या आधी हा प्रश्न विचारला. मी वळून खिडकीबाहेर एक नजर टाकली आणि म्हणाले, "काही विशेष नाही."

"विशेष न्हाई, हे तुझं मत झालं. मत कोण विचारालंय? दिसतंय काय, ते सांग."

मग मी नीट पाहिलं. वाळूचा ढीग होता, त्यावर एक कुत्रं झोपलं होतं. पलीकडं पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या सावलीत दोन बायका डबा खात बसल्या होत्या. मी सांगितलं.

"कुत्रं कुठल्या रंगाचं?"

"तांबूस."

"डब्यात काय हाय बायकांच्या?"

"ते इथून दिसत नाही."

माणूस एकदम खूश झाला. "न्हाई दिसत ते न्हाई दिसत म्हणालीस. बेस केलंस. निम्मी माणसं इथं चटणी-भाकरी म्हणाली असती. कुठली तू?"

"चंदगडची."

त्या दिवसापासून फाउंड्रीत माझं नाव चंदगड पडलं. पगाराच्या चिठ्ठीवर खरं नाव असायचं, बाकी शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे मला चंदगड म्हणत. आणि त्या माणसाला सगळे अप्पा म्हणत.

अप्पांना दिसत नाही, हे मला चहा आल्यावर कळलं. त्यांनी बोटांची मागची बाजू टेबलावरून हळूच सरकवत नेली, कपाला लागली तशी थांबवली, आणि मग कप उचलला. काळा चष्मा नाही, काही नाही. आवाज येईल तिकडं चेहरा वळवून थेट बघितल्यासारखं बोलायचे. शाळेत असताना एका आजारपणात त्यांचे डोळे गेले होते. त्यामुळं रंग त्यांना आठवत होते आणि रंगांवर त्यांचा फार जीव होता. आकाश निळं आहे म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. कसलं निळं, शाळेच्या पाटीच्या कडेसारखं की शाईसारखं, असं विचारायचे.

त्यांच्या बायको त्यांच्यासाठी शर्ट आणायच्या आणि अंगात घालताना रंग सांगायच्या. एके दिवशी सकाळी अप्पा खुर्चीत बसले, छाती पुढं काढली आणि म्हणाले, "कसा हाय आजचा रंग?"

"पोपटी," मी म्हणाले.

"कसा?"

"पोपटी. कच्च्या कैरीपेक्षा जरा उजळ."

त्यांनी तिथल्या तिथं घरी फोन लावला. "अगं, आकाशी म्हणालीतीस की! ही चंदगड पोपटी म्हणतीया." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण अप्पा फोन ठेवून कितीतरी वेळ हसत होते. "आकाशी संपला होता म्हणं दुकानात. मला काय कळतंय, असं वाटलं तिला." मग दिवसभर टेबलाशी येईल त्याला ते आपणहून सांगत होते, शर्ट पोपटी आहे, बायकोनं फसवलंय.

पण सगळंच असं हसण्यावारी जायचं नाही. त्यांना न विचारता कुणी दंडाला धरून चालवायला लागलं की संपलं. "मी सायकल हाय काय, ढकलत न्यायला?" असं भर ऑफिसात ओरडायचे. एकदा कंपनीला भेट द्यायला आलेल्या बड्या पाहुण्यालाच त्यांनी हे ऐकवलं. पाहुणा बिचारा मदत करायला गेला होता. मी नंतर म्हणाले, "अप्पा, त्यांचा हेतू चांगला होता." तर म्हणाले, "हेतू चांगलाच असतो की सगळ्यांचा. दंड माझा असतो." दोन दिवस ते माझ्याशीही धड बोलले नाहीत. चहा गार आला तरी भांडायचे, आणि कुणाच्या डब्यातली भाजी खारट आहे हे झाकण उघडताच वासावरून जाहीर करायचे. ते पुष्कळदा चुकायचं, पण चूक कबूल केलेली मी कधी ऐकली नाही.

त्यांचं काम तक्रारींचं. आमच्याकडं पंपांची, मागांची, छोट्यामोठ्या यंत्रांची ओतीव कास्टिंग व्हायची. ती घेणाऱ्यांच्या काही तक्रारी असल्या की फोन अप्पांकडं यायचा. अप्पा ऐकायचे, प्रश्न विचारायचे आणि कॉम्प्युटरवर टाईप करून आत क्वालिटीला पाठवायचे. मी क्वालिटीत शिकाऊ म्हणून लागले होते, त्यामुळं माझं टेबल त्यांच्यासमोर.

पहिल्याच आठवड्यात कबनूरहून मागाची चाकं घेणाऱ्या एका कारखानदाराचा फोन आला. आवाज इतका चढलेला की फोनबाहेर मलाही ऐकू येत होता. "सगळा माल भंगार पाठवलाय तुम्ही!"

"सगळा म्हणजे कसा, पावणं?" अप्पा म्हणाले. "एक चाक हातात घ्या बघू. घेतलं?"

"घेतलं. छिद्रं हाईत नुसती!"

"कुठं? दातांवर का मधल्या भोकाजवळ?"

जरा वेळ गेला. "भोकाजवळ."

"सुई जाईल एवढं, का आगपेटीची काडी?"

"सुई जाईल."

"एकाच अंगाला का फिरून सगळीकडं?"

पुन्हा वेळ गेला. आता पलीकडचा माणूस खरोखर बघत होता. "एकाच अंगाला हाय की हो," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मग माल भंगार न्हाई. एका साच्यात वारं अडकलंय. तसली तेवढी बाजूला काढा, बदलून धाडतो. चहा घेतला काय?"

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "माणूस रागात असला की त्याला बघायला लाव. बघता बघता ओरडता येत न्हाई."

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. अप्पांच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक मराठी आवाज होता, त्यालाही त्यांनी पावणंच नाव ठेवलं होतं. कारण त्याचं मराठी परगावच्या माणसासारखं होतं. कबनूर हा शब्द तो "कब नूर" असा तोडून म्हणायचा, की ऐकणाऱ्याला हिंदी शायरी चाललीय असं वाटावं. अप्पा त्याला इतक्या वेगात पळवायचे की आम्हाला नुसतं माश्या घोंगावल्यासारखं ऐकू यायचं. अप्पांना त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं. मध्येच त्याला बोलायचे, "पावणं, दमानं. कब नूर काय, गाव हाय ते."

हे टेबल त्यांना कुणी आयतं दिलं नव्हतं. सीमेकडच्या एका गावात त्यांच्या घरचं गुळाचं दुकान. घरात कन्नड, बाजारात मराठी. आईचा फोन आला की "हं, अव्वा" म्हणून ते एकदम मऊ कन्नड बोलायला लागायचे. वडलांची इच्छा होती की यांनी दुकानात गादीवर बसावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलावेत. ते सोडून हे टेलिफोन ऑपरेटर म्हणून फाउंड्रीत लागले. पुढं प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि टेलिफोनचा बोर्ड निघाला. नोकरी गेली नाही, पण काम गेलं. गेटजवळच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली आणि बसा म्हणाले.

त्या दिवसांबद्दल ते एकदाच माझ्याशी बोलले. "येणारा-जाणारा नमस्कार करायचा. पगार वेळेवर. त्रास कसलाच न्हाई. पण हाताला काम नसलं की माणूस फर्निचर होतंय बघ. एकदा एकानं माझ्या मांडीवर फाईल ठेवली आणि विसरून गेला."

मग दर सुट्टीला बस धरून ते कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकायला जायला लागले. शिकले आणि एक दिवस जुन्या मालकांसमोर उभे राहून म्हणाले, तक्रारीचे फोन कुणालाच नको असतात, ते मला द्या. तेव्हापासून ते टेबल त्यांचं.

त्यांच्या या कॉम्प्युटरची एक गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी माझ्या लग्नाची सांगते. ती नंतरची आहे, पण अप्पा कसे होते ते तीत जास्त कळतं. चंदगडला मला बघायला एक मुलगा येऊन गेला. दुसऱ्या दिवशी अप्पांनी विचारलं, "कसा हाय?"

"चांगला आहे."

"मत."

मी चिडले, पण आठवायला लागले. "पोहे आल्यावर आधी स्वतःची बशी घेतली. माझी आई मध्येच बोलली की गप्प व्हायचा, पण पाय हलवायचा. हसला तो दोनदा. दोन्ही वेळा स्वतःच्याच बोलण्यावर."

अप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हणाले, "मग? काय करू?"

"मी काय सांगू? तूच सांगितलंस, तूच ऐकलंस."

मी घरी नकार कळवला. पुढं दुसरा एक मुलगा येऊन गेला. त्याच्याबद्दल मी सांगितलं की आत येताना उंबऱ्याशी बाबांची उलटी पडलेली चप्पल त्यानं पायानं न ढकलता हातानं सरळ केली. आणि मला एकच प्रश्न विचारला, एमआयडीसीत जेवणाची सुट्टी कधी असते.

"का विचारलं?" अप्पा म्हणाले.

"काय माहीत."

"काय माहीत म्हणजे? विचार की त्याला. अंदाज नको करूस."

मी धीर करून फोन लावला. सुट्टीची वेळ का विचारली होती, म्हणाले. मग तो म्हणाला, "त्या वेळात फोन केला तर चालेल का, ते विचारायचं होतं. सगळ्यांसमोर विचारता आलं नाही." आमचं लग्न झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. अजून जेवणाच्या सुट्टीत फोन येतो.

आता कॉम्प्युटर.

नवे मॅनेजर येऊन थोडे महिने झाले होते. सभ्य माणूस. अप्पांशी आदरानं बोलायचे, पण बोलताना आवाज उगीच मोठा करायचे, जणू अप्पांना ऐकूही येत नाही. अप्पांनी आता जरा आराम करावा, असं ते एक-दोनदा बोलून गेले होते. अशात एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून पत्र आलं की त्यांची ड्रॉइंग जिथं जातात ते सगळे कॉम्प्युटर अपडेट केलेले हवेत. सुट्टीच्या दिवशी बाहेरचा एक टेक्निशियन येऊन सगळी मशीन अपडेट करून गेला. बाकीची नवी होती. अप्पांचं मशीन जुनं, त्यातली सिस्टीम जुनी.

सुट्टीनंतरच्या सकाळी अप्पांनी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून पावण्याची वाट बघत बसले. पावणं आलं नाही.

"चंदगड, पडद्यावर काय हाय?"

"कंपनीचं चिन्ह आलंय. खाली ठिपके फिरतायत. आता गेलं. आता निळं काहीतरी चमकलं. आता काळं. आता परत चिन्ह आलं."

"म्हणजे उठालंय आणि पडालंय," अप्पा म्हणाले. त्यांनी मशीनच्या डब्यावर तळहात ठेवला. आतला पंखा जोरात फिरायचा, मग मंद व्हायचा, परत जोरात. अपडेट अर्धवट राहिलं असेल, पुरं होऊ दे, असं म्हणून त्यांनी चहा होईपर्यंत तसंच राहू दिलं. चहा झाला, मशीन उठत-पडतच होतं.

टेक्निशियनला फोन केला. तो म्हणाला, "जुनं झालंय हो ते. कशाला जीव काढताय त्याच्यावर? नवीन मागवा." मॅनेजर आले, त्यांनी ऐकलं आणि प्रेमानंच म्हणाले, "अप्पा, काळजी करू नका. संध्याकाळी हे स्टोअरला जाऊ दे, आपण नवीन मागवू. तुमचं ते बोलणारं सॉफ्टवेअर वगैरे बघू सावकाश. तोपर्यंत तुम्ही पुढं रिसेप्शनला बसा. तक्रारी कुणीतरी बघेल."

अप्पा "बरं" म्हणाले.

मी त्यांना कधी बरं म्हणताना ऐकलं नव्हतं. मॅनेजर गेल्यावर ते टेबलाच्या कडेवरून अंगठा घासत बसले, पुढं-मागं, पुढं-मागं. मला गेटजवळची ती खुर्ची आठवली. सावकाश म्हणजे किती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि मी तरी कुठं पक्की होते? माझी शिकाऊची मुदत महिनाअखेर संपत होती. पुढचं कुणी काही बोललं नव्हतं, घरून परत ये म्हणून निरोप येत होते.

"चंदगड," अप्पा म्हणाले, "तुला काम हाय काय आज?"

"रिपोर्ट आहेत."

"राहू देत. तुझं डोळं लागणार हाईत मला."

मी खुर्ची त्यांच्याशेजारी ओढली.

आधी त्यांनी मशीनला मागं-पुढं जे काही जोडलेलं होतं ते काढायला लावलं. एकेक वायर चाचपून मला विचारायचे, ही कशाची. कीबोर्ड आणि पडदा सोडून सगळं निघालं. तरी मशीन उठत-पडत होतं. अप्पांनी कानात मोबाइलचा इअरफोन घातला आणि इंटरनेटवर लोकांनी लिहिलेले उपाय फोनकडून वाचून घ्यायला लागले. एका हाताची बोटं फोनवर, दुसरा हात मशीनवर. बराच वेळ ऐकून म्हणाले, "चिन्ह यायच्या आधी एक बटण दाबलं की यादी येतीया म्हणं. मी दाबतो. तू बघ."

दोनदा वेळ चुकली. तिसऱ्यांदा यादी आली. काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं. मी वाचत गेले. एका ओळीशी अप्पांनी हात वर केला. बिघाड झाल्यावर मशीननं आपोआप पुन्हा सुरू होऊ नये, असा तो पर्याय होता. "ते निळं चमकतंय आणि पळून जातंय न्हवं? त्याला धरून ठेवू या."

बाण किती वेळा खाली न्यायचा ते मी सांगितलं, त्यांनी नेला. चिन्ह आलं, ठिपके फिरले, निळा पडदा आला आणि या वेळी तसाच राहिला.

"आलं! काहीतरी खूप मोठा बिघाड झालाय असं लिहिलंय, सगळं बंद..."

"मत!" अप्पा ओरडले. आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. "मोठा का बारका मी ठरवतो. अक्षरं वाच. वरपासनं."

मला रडू यायला लागलं होतं. पण वाचलं. सगळं वाचलं, आकडे, शून्यं, काय काय. शेवटाकडं एका फाईलचं नाव होतं. त्याला काही अर्थ लागत नव्हता, नुसती अक्षरं. मी एकेक अक्षर सांगितलं, अप्पांनी ते फोनमध्ये घातलं आणि ऐकत राहिले. मग इअरफोन काढला आणि हसले. पण ते हसू नेहमीचं नव्हतं.

"आवाजाचं हाय गं ते."

"म्हणजे?"

"मशीनमधला आवाज काढणारा भाग जुना. त्याला चालवणारी फाईल जुनी. नव्या अपडेटचं तिच्याशी जुळंना. मशीन उठतंय, पावण्याला हाक मारायला जातंय, आणि तिथंच तोंडावर पडतंय."

उपाय सोपा होता. त्याच यादीत मशीन साधेपणानं, बाकी काही न जोडता सुरू करायचा पर्याय होता. तसं सुरू करायचं आणि आतून आवाजाचा तो भाग बंद करून टाकायचा. मग ते पडायचं थांबेल.

"मग करू या की," मी म्हणाले.

"करू. म्हणजे ते जगंल आणि मुकं होईल. तुला चालू. मला नुसतं टेबल."

अपडेटच काढून टाकावं, हा विचार मी बोलून दाखवला, पण गिऱ्हाइकाच्या पत्रामुळं ते शक्य नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली, लोक डबे घेऊन गेले. मी बॅगेतून डबा काढायला गेले तर हाताशी माझा हेडफोन आला. ऑनलाईन मुलाखतींसाठी घेतलेला, साधाच. मला त्यातलं काही कळत नव्हतं. नुसतं सुचलं म्हणून विचारलं, "अप्पा, हेडफोन लावायलाही तो आवाजाचा भाग लागतो का?"

"लागतोय की. माझा स्पीकर काय, हेडफोन काय, त्यालाच तर..." ते थांबले. "तुझा कसला हाय? पिन कशी दिसतीया?"

"चपटी."

"चपटी? गोल न्हाई?"

"चपटी आहे. पेनड्राइव्हसारखी."

अप्पा खुर्चीतून उठलेच. "आण इकडं!" त्यांनी ती पिन बोटांत फिरवून फिरवून पाहिली. "अगं, चपट्या पिनीच्या हेडफोनचा आवाज त्याचा त्याच्यातच असतोय! मशीनच्या आवाजाशी त्याला काही देणंघेणं न्हाई!"

डबे तसेच राहिले. साध्या पद्धतीनं मशीन सुरू झालं. त्या अवस्थेत ते मुकंच असतं, त्यामुळं प्रत्येक पाऊल मी वाचायचं आणि अप्पांनी कीबोर्डवर टाकायचं. त्यांना बटणांचे सगळे रस्ते पाठ होते. फक्त आपण कुठं पोचलो, ते मला सांगावं लागत होतं. एकदा मी ओळ चुकून सांगितली आणि भलतंच काही बंद होणार होतं. बोट बटणावर असताना अप्पांनी विचारलं, "नक्की?" मी परत बघितलं आणि म्हणाले, "नाही. एक ओळ वर." ते रागावले नाहीत.

आवाजाचा भाग बंद झाला. मशीन नेहमीच्या पद्धतीनं पुन्हा सुरू केलं. चिन्ह. ठिपके. मी एकेक गोष्ट सांगत होते. "ठिपके फिरतायत. अजून फिरतायत. निळं आलं नाही. अप्पा, पडदा उघडला. तुमच्या फायली दिसतायत."

त्यांनी हेडफोन डोक्यावर चढवला, पिन खोचली. कोपऱ्यात छोटी चौकट आली की नवीन वस्तू जोडली जात आहे. अप्पांनी पावण्याला बोलवायची बटणं दाबली. काही नाही.

"थांबा," मी म्हणाले. "चौकट अजून तशीच आहे. आता बदलली. आता वापरायला तयार आहे, असं लिहिलंय."

त्यांनी परत बटणं दाबली.

मला काहीच ऐकू आलं नाही. हेडफोन त्यांच्या कानांवर होता. मला फक्त दिसत होतं. टेबलाच्या कडेवर सकाळपासून घासणारा अंगठा थांबला. खांदे खाली आले. तोंड जरा उघडं राहिलं, आणि मग ते तोंड भरून हसले.

"आलं," अप्पा म्हणाले. "आलं बघ पावणं. कब नूर म्हणालंय."

संध्याकाळी मॅनेजर मशीन न्यायला माणूस घेऊन आले, तेव्हा अप्पा कबनूरचीच तक्रार टाईप करत होते. मॅनेजर थोडा वेळ बघत उभे राहिले. "कसं काय झालं?"

"हिनं केलं," अप्पा म्हणाले.

"अहो, मी नुसतं वाचलं..." मी म्हणायला लागले.

"गप. साहेब, तिला दिसतंय ते सांगता येतंय. तुमच्या क्वालिटीत मला अशी दुसरी दाखवा. महिनाअखेरीला तिला घालवून द्यायचा विचार असंल तर आधी मला सांगा, म्हणजे मी पण रिसेप्शनला जाऊन बसतो."

मॅनेजर हसले. अप्पा हसले नाहीत. त्या महिनाअखेरीला माझ्या हातात नोकरी पक्की झाल्याचं पत्र पडलं, आणि मॅनेजर अप्पांशी साध्या आवाजात बोलायला लागले. दोन्हीचं मला सारखंच अप्रूप वाटलं.

पुढची काही वर्षं मी त्यांच्यासमोर बसून काढली. मी त्यांच्याकडून शिकले ते पुस्तकात कुठं मिळालं नसतं. घरात भांडण झालं की आजही मी आधी काय झालं तेवढं सांगते, आणि निम्मं भांडण तिथंच मिटतं. आभार मानायला गेलं की अप्पा विषय बदलतात, म्हणून मी ते इथं मानते आहे.

निवृत्तीच्या वेळी त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, भाषण केलं नाही. मॅनेजरांना बाजूला घेऊन एवढंच म्हणाले की, हे टेबल माझ्यासारख्यालाच द्या. मॅनेजरांनी मनावर घेतलं. अप्पा गावी गेल्यावर थोड्याच दिवसांत एक मुलगी आली. नुकतीच कॉलेज संपवलेली, जन्मापासून दिसत नसलेली. मी मोठ्या उत्साहानं तिला सगळं समजावून द्यायला गेले. कप कुठं ठेवतात, फायली कुठं असतात. तिनं ऐकून घेतलं आणि टेबलावरची प्रत्येक वस्तू उचलून दुसरीकडं ठेवली. पहिला तक्रारीचा फोन आला तेव्हा मी शेजारून काहीतरी सुचवलं, तर फोनवर हात ठेवून म्हणाली, "ताई, जरा गप्प बसा. मला ऐकू दे."

त्या संध्याकाळी मी अप्पांना फोन लावला. ते वाटच बघत होते, पहिल्याच रिंगला उचलला.

"आली काय पोरगी? कशी हाय?"

"भांडते, अप्पा. आल्या आल्या खुर्चीची उंची बरोबर नाही म्हणून साहेबांशी भांडली. मग मला गप्प बसवलं. आणि जाता जाता चहावाल्याला सांगून गेली की उद्यापासून असला चहा आणू नको."

पलीकडं अप्पांनी लांब श्वास सोडला.

"मग टिकंल," ते म्हणाले.